शे, पन बोलस नही : एका पुस्तिकेचे रसग्रहण

मराठी समीक्षकांनी एका वाङ्मयप्रकारावर आजवर घोर अन्याय केला आहे. कथा-कादंबरीचा त्यांनी कीस पाडला, कवितेची शकले केली, नाटकाच्या तर पडद्याची दोरीसुद्धा तपासून पाहिली. पण यंत्राबरोबर खोक्यातून फुकट येणारी जी पुस्तिका असते, तिच्याकडे एकानेही ढुंकून पाहिले नाही. वास्तविक इतक्या एकाग्रतेने वाचला जाणारा दुसरा ग्रंथ आपल्या भाषेत नसेल. पोथी माणूस डुलक्या घेत वाचतो, वर्तमानपत्र चहाच्या कपाआडून वाचतो. पण बंद पडलेल्या यंत्राची पुस्तिका तो उभ्याने, घामाघूम होऊन, ओळीवर बोट ठेवून वाचतो. कोणत्या लेखकाच्या नशिबी असा वाचक असतो?

गेल्या पावसाळ्यात हा योग मला आला. ग्रंथाचे नाव सांगत नाही, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचेही नाही. पृष्ठे चौसष्ट, पैकी मराठीची सोळा. लेखकाचे नाव नाही. बहुधा तो अजून बेपत्ता असावा. विषय : कचेरीतला प्रिंटर आणि त्याचे नेटवर्कशी झालेले भांडण.

आधी स्थलकालाची कल्पना देतो, कारण कलाकृती कुठल्या मातीत वाचली गेली यालाही महत्त्व असते म्हणतात. आमचे पिंपळनेर हे साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठचे गाव. पश्चिमेचे डोंगर ओलांडले की गुजरात, शेलबारीचा घाट ओलांडला की बागलाण. धुळे पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर. प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस धुळ्याला राहतो. तो "येतो" म्हणाला की आम्ही घड्याळ बघत नाही, कॅलेंडर बघतो. मी इथल्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. शाळेचे नावही सांगत नाही. मला अजून पाच वर्षे नोकरी करायची आहे.

जुलैचा पहिला आठवडा. दुपारी वळीव पडावा तसा पाऊस पडून गेला, दोनदा वीज गेली, तीनदा आली. (हे गणित जमत नाही हे मला कळते, पण आमच्याकडे तसे होते.) तेवढ्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन दारात उभे राहिले. ऊसतोडीला दर साल बारडोलीकडे जाणारे कुटुंब. मुलगी आमच्याकडून बारावी झालेली. तिला नाशिकला नर्सिंगला नंबर लागला होता आणि दुसऱ्या दिवशी कागदपत्रे तपासायची शेवटची तारीख. हवा होता शाळा सोडल्याचा दाखला. एक कागद. गाडी साडेपाचला. घड्याळात तीन.

"बसा, पाच मिनिटांत देतो," मी म्हणालो. सरकारी-निमसरकारी नोकरीत एवढे धाडसाचे वाक्य मी त्याआधी उच्चारले नव्हते आणि नंतरही उच्चारलेले नाही.

दाखला कॉम्प्युटरवर भरला. बटण दाबले. प्रिंटर ढिम्म. पडद्यावर एकच शब्द : ऑफलाइन. आणि मी ड्रॉवरमधून ग्रंथ काढला.

पुस्तिकेचा पहिला विशेष म्हणजे तिची भाषा. प्रिंटरला तीत सर्वत्र "मुद्रक" म्हटले आहे. आता मुद्रक म्हणजे पुस्तकाच्या मागच्या पानावर ज्याचे नाव असते तो गृहस्थ, अशी माझी समजूत. त्यामुळे "मुद्रकाचे झाकण उघडा", "मुद्रक कोमट वाटल्यास थोडा वेळ थांबा", "मुद्रकास ओल्या फडक्याने पुसू नका" ही वाक्ये वाचताना डोळ्यांसमोर भलतीच चित्रे उभी राहू लागली. पुढे "यजमानाशी संपर्क होत नाही" असे एक वाक्य आहे. ते मी मोठ्याने वाचल्यावर मराठीच्या मॅडम खिडकीपाशी बसून म्हणाल्या, "माझा तर सकाळीच झाला होता." त्याखाली "प्रवेशद्वाराचा पत्ता तपासा" असे आले. आमचे शिपाई नाना छत्री घेऊन निघाले, शाळेचे फाटक पाहून आले आणि म्हणाले, "आहे तिथंच आहे." ज्या यंत्राच्या मध्यस्थीने कॉम्प्युटर बाहेरच्या जगाशी बोलतो त्याला प्रवेशद्वार म्हणायचे, हे नानांना कुणी सांगावे? इंग्रजीत ज्याला राउटर म्हणतात आणि आम्ही ज्याला "ते लाइट लुकलुकणारं" म्हणतो, तेच ते.

दुसरा विशेष, आकृतिबंध. सबंध पुस्तिका प्रश्नोत्तराच्या रूपात आहे. "मुद्रक चालू आहे का? होय असल्यास पुढे जा. नसल्यास चालू करा." "तारा नीट बसल्या आहेत का? होय असल्यास पुढे जा." प्रत्येक प्रश्न असा की त्याचे उत्तर देताना वाचकाला आपण मूर्ख आहोत अशी हळूहळू खात्री पटत जावी. बारा प्रश्न पार करून तुम्ही शेवटी पोहोचलात की तिथे लिहिले आहे : तरीही अडचण राहिल्यास जवळच्या सेवाकेंद्राशी संपर्क साधा. कीर्तनकार आख्यान कुठेही भरकटले तरी शेवटी हेचि दान देगा देवा करून मोकळा होतो, तसे. फरक इतकाच की तिथे प्रसाद मिळतो.

तिसरा, आशय. मर्ढेकरांनी सौंदर्याची तीन सूत्रे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. प्रस्तुत पुस्तिकेत यंत्राशी संवाद कुठेच नाही, विरोध पानोपानी आहे, आणि समतोल वाचकाने आपापला सांभाळायचा आहे.

साडेतीन वाजले. तोवर शाळेतल्या प्रत्येक जाणत्या माणसाने येऊन एकेकदा छपाईचे बटण दाबले होते. हेडसरांनी दोनदा दाबले. अधिकाराप्रमाणे.

"हातानं लिहून द्या ना," गणिताचे सर म्हणाले. पण दाखल्यावर यू-डायस क्रमांकापासून सगळे छापील लागते, आणि हस्तलिखित घेऊन गेलेली एक मुलगी मागच्या साली परत आली होती. "पेनड्राइव्हवर घेऊन बाजारात छापून आणा." तेही बंद केलेले, एकदा मुलांची सगळी यादी दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहून गेली होती. "वायर लावा सरळ." यंत्र बिनतारी आहे म्हणून आम्ही खोक्यातली वायर मोठ्या अभिमानाने भंगारात दिली होती.

कोपऱ्यात आमचा जुना टाइपरायटर झाकण पांघरून बसला होता. गोदरेजने १९५५ साली पहिला देशी टाइपरायटर काढला, त्याच घराण्यातला. त्याला कधी पत्ता लागला नाही, परवलीचा शब्द लागला नाही. अक्षर दाबले की अक्षर उमटायचे. उमटले नाही तर फीत संपलेली असायची. त्याला पुस्तिका नव्हती, कारण त्याच्यात लपवण्यासारखे काही नव्हते. नव्या यंत्रात बिघाड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर पुस्तिका लिहावी लागते. आणि नेमके तेच सांगायचे ती विसरते.

शेवटी पुतण्याला फोन लावला. तो पुण्याला हिंजवडीत कॉम्प्युटरचेच काही करतो. "काका, पिंग करा," तो म्हणाला. पिंग म्हणजे हाक. पाणबुडी समुद्रात आवाज सोडते आणि प्रतिध्वनी आला की समोर काहीतरी आहे असे ओळखते. त्या आवाजावरून माइक म्यूस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेल्या एका छोट्या आज्ञावलीला हे नाव दिले. नेटवर्कवरच्या यंत्राच्या पत्त्यावर हाक मारायची, ओ आली की ते जागे आहे. प्रिंटरचा पत्ता आमच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला होता : १९२.१६८.१.५. मी हाक मारली. चारही वेळा ओ आली.

"मग प्रिंटर जिवंत आहे काका. कागद संपला असेल."

कागद गठ्ठाभर होता. समीक्षेच्या भाषेत याला अर्थाची संदिग्धता म्हणतात. कचेरीच्या भाषेत काय म्हणतात ते छापता येत नाही.

अशा प्रसंगी मोठ्या माणसांचे आणि आपले अंतर कळते. १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाला असाच एक प्रिंटर भेटला. झेरॉक्सचा होता, दुसऱ्या मजल्यावर होता, आणि कागद अडकला तरी कुणाला सांगत नव्हता. लोक तासभराने वर जाऊन बघत, तर काहीच छापलेले नाही. आधीच्या यंत्राला स्टॉलमनने "कागद अडकला" असा निरोप सगळ्यांना देण्याची सोय करून दिली होती. ह्याची मूळ आज्ञावलीच कंपनीने दिली नव्हती. ज्याच्याकडे ती होती त्याने, न देण्याचा करार केलाय म्हणून, नकार दिला. स्टॉलमनला राग आला. ह्या आणि अशाच रागांतून त्याने १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची सबंध चळवळ उभी राहिली. मलाही राग आला. मी चहा मागवला.

पण त्याची मूळ तक्रार काय होती पाहा. यंत्र बिघडले ही नव्हे, यंत्र बिघडते. बिघडलेय ते सांगत का नाही, ही. माझ्या मते आमच्या पुस्तिकेचा कसही इथेच लागतो.

सव्वाचार झाले. ते गृहस्थ इतका वेळ बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मुलगी उभीच. माझ्याकडे ते दर दहा मिनिटांनी एकदा बघत, आणि त्यांचे ते न बोलता बघणे मला हेडसरांच्या बोलण्यापेक्षा जड जात होते. शेवटी ते जवळ आले.

"भाऊसाहेब, कागद निंघना का?"

"नाही हो."

"मशीन मरी गयं का?"

"मेलं नाही," मी म्हणालो, "आहे, पण बोलत नाही. आम्ही इथून कागद पाठवतो, तिथं पोचत नाही."

त्यांनी प्रिंटरकडे पाहिले, मग कॉम्प्युटरकडे. "शे, पन बोलस नही," ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "मंग त्यानं घर बदली गयं व्हई. आमनं बी तसंच व्हस. आम्ही ऊस तोडाले जातस, आन चिठी जुना घरले येस."

खोलीत कुणी काही बोलले नाही. मी पुस्तिका पुन्हा उघडली. पंधराव्या पानावर, तळटीपेत, मुंगीच्या अक्षरात एक वाक्य सापडले : मुद्रकाचा पत्ता बदललेला असू शकतो.

वाचकहो, तळटीपेत! ज्या वाक्यापासून ग्रंथ सुरू व्हायला हवा होता ते लेखकाने तळटीपेत घातले.

मग उलगडा होत गेला. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला राउटर पत्ता देतो, पण तो मालकीचा नसतो, भाडेपट्ट्याचा असतो. ही व्यवस्था १९९३ मध्ये ठरली आणि तिच्यात भाडेपट्टा हाच शब्द वापरला आहे. मुदत असते, नूतनीकरण असते. वीज गेली की आमच्यासारखा स्वस्तातला राउटर आपली वहीच विसरतो आणि वीज आल्यावर जो आधी दारात येईल त्याला पहिली खोली देतो. प्रिंटर जडशरीर, पोटातले दात-चाके हलवून जागा व्हायला त्याला वेळ लागतो. तोवर त्याची पाच नंबरची खोली दुसऱ्या कुणीतरी बळकावली होती.

कुणी? प्रिंटरवरचे बटण दाबून धरले की तो आपली कुंडली स्वतःच छापून देतो, हे अकराव्या पानावर आहे. (हे पान चांगले आहे. समीक्षकाने गुणग्राहकही असावे.) कुंडलीत पत्ता निघाला १९२.१६८.१.९. मग पाचवर कोण? मी पुन्हा पाचला हाका मारत बसलो आणि एकेकाला मोबाइल बंद करायला सांगितले. मॅडमचा केला, ओ येत राहिली. हेडसरांचा केला, ओ येत राहिली. नानांचा केला, आणि ओ बंद झाली.

म्हणजे दीड तास आम्ही दाखला नानांच्या खिशात पाठवत होतो. मोबाइल बिचारा हाकेला ओ देत होता, पण दाखला घ्यायचा कसा हे त्याला ठाऊक नव्हते. शेजाऱ्याच्या घरी चिठ्ठी पडावी तसे. "तरीच दुपारपासून बॅटरी उतरतीय," नाना म्हणाले. ह्या विधानाला तांत्रिक आधार नाही, पण मी वाद घातला नाही.

कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरचा पत्ता बदलून नऊ केला. क्षणभर शांतता. मग यंत्राने घसा खाकरला, आणि दाखला आला. मग दुसरा दाखला आला. मग तिसरा. ज्याने ज्याने बटण दाबले होते त्याची त्याची प्रत रांगेत उभी होती; ही रांग कॉम्प्युटरमध्ये असते आणि प्रिंटर सापडेपर्यंत ती शिस्तीत वाट बघते. एकूण अकरा दाखले. एका मुलीने एकाच शाळेतून एकाच दिवशी अकरा वेळा शाळा सोडली. त्यातल्या दहा प्रती हेडसरांच्या समक्ष फाडून तसा शेरा नोंदवहीत घातला, अकराव्यावर सही-शिक्का केला. पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

त्या गृहस्थांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, मुलीला दिला, तिने तो वहीत घातला, वही पिशवीत, पिशवी पोटाशी. "चला, येतू भाऊसाहेब," म्हणाले आणि पावसात निघाले. त्यांना गाडी मिळाली. आपण नेमके काय सांगितले ते मात्र त्यांना कळले नव्हते, आणि मीही नीट आभार मानायचे विसरलो. ते ह्या लेखात मानतो.

आता मूल्यमापन. पुस्तिकेत खोटे काही नाही. हा तिचा मोठेपणा आहे आणि हाच तिचा दोष आहे. खरे सगळे आहे, पण संकटातल्या माणसाला ज्या क्रमाने लागते त्या क्रमाने नाही. "ऑफलाइन" ह्या एका शब्दात दहा वेगवेगळ्या अडचणी कोंबल्या आहेत आणि कोणती ते वाचकाने ओळखायचे आहे. डॉक्टरने नाडी बघून "आजारी आहे" म्हणावे आणि फी घ्यावी, त्यातली गत. शिवाय लेखकाने असे गृहीत धरले आहे की वीज कधीच जात नाही. तो पिंपळनेरला आलेला दिसत नाही.

आणि दोष नेहमी वाचकाचाच असतो असेही नाही. २०२१ च्या जुलैत विंडोजमधल्या छपाईच्या रांगेतच असे भोक सापडले की चोर त्यातून आत शिरू शकत होता. त्याला नाव पडले "प्रिंटनाइटमेअर", म्हणजे छपाईचे दुःस्वप्न. ते बुजवण्यासाठी जी ठिगळे आली त्यांतल्या सप्टेंबरातल्या ठिगळाने जगभरच्या कचेऱ्यांत नेटवर्कवरची छपाईच थांबवली. तेव्हाही हजारो कारकुनांनी तारा नीट बसल्या आहेत का हेच तपासले असणार.

टीका करणाऱ्याने स्वतः लिहून दाखवावे असा एक जुना आक्षेप आहे. म्हणून मी लिहिले. एकच पान, नानांना कळेल असे, प्रिंटरच्या वरच्या भिंतीवर चिकटवले आहे. त्यात एवढेच आहे :

वीज गेली होती का? मग आधी लुकलुकणारे यंत्र चालू करा, दोन मिनिटे थांबा, मग प्रिंटर, शेवटी कॉम्प्युटर. प्रिंटरचे बटण दाबून त्याची कुंडली काढा. तिच्यातला पत्ता आणि कॉम्प्युटरमधला पत्ता एकच आहे का ते बघा. नसेल तर कॉम्प्युटरमधला बदला. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कुणी घरच दिलेले नाही, तो ओट्यावर पथारी टाकून झोपलाय. राउटरशी त्याची गाठ पुन्हा घालून द्या. वायफायची दोन नावे दिसत असतील तर ज्याच्यापुढे पाचाचा आकडा आहे ते आपल्या प्रिंटरला कळत नाही, दुसरे घ्या. हाकेला ओ आली म्हणजे ओ देणारा प्रिंटरच आहे असे समजू नका. आणि बटण एकदाच दाबा. हेडसरांनीसुद्धा.

शेवटची ओळ नंतर खोडावी लागली.

ह्याखेरीज पुतण्याला फोनवर घेऊन राउटरमध्ये एक कायमची सोय करून घेतली. प्रत्येक यंत्राच्या अंगावर जन्मखुणेसारखा एक बारा अक्षरांचा क्रमांक असतो. तो राउटरला सांगून नऊ नंबरची खोली प्रिंटरच्या नावावर राखून ठेवली. वीज जावो, येवो, पत्ता तोच. ह्याला पाच मिनिटे लागली. दर साल घर बदलावे लागणाऱ्या माणसांसाठी अशी सोय कुठल्या बटणाने होते, ते मात्र पुतण्यालाही ठाऊक नाही.

एकंदरीत, ज्यांच्याकडे वीज अखंड आहे, मेकॅनिक शेजारी आहे आणि कसलीच घाई नाही, त्यांनी ही पुस्तिका अवश्य संग्रही ठेवावी. मुखपृष्ठ आकर्षक आहे. छपाई सुबक आहे. ती दुसऱ्या एखाद्या यंत्रावर केलेली असावी.